गुरुवारचा जमाखर्च

'हौशी' हा शब्द आपल्याकडे दोन सुरांत उच्चारला जातो. नाटकाच्या बाबतीत तो उच्चारला की त्यात कौतुक असते. पदरमोड करून, कचेरीतून रजा काढून, रात्री जागून तालमी करणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. गाण्याच्या बाबतीत मात्र तोच शब्द किंचित खालच्या पट्टीत येतो. हौशी गवई म्हणजे ज्याचे गाणे घरच्यांनी सोसायचे आणि शेजाऱ्यांनी क्षमा करायची, असा एक समज रूढ झालेला आहे. या समजाविरुद्ध दोन शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते. बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांतून हा विषय अनोळखी नाही, म्हणून तो येथेच मांडतो.

माझे वडील तबलजी. १९४६ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, ते बडोदे सरकारच्या कलावंत कारखान्यात उमेदवार म्हणून लागले. कारखाना हे नाव नव्या पिढीला चमत्कारिक वाटेल. पण संस्थानच्या कारभारात खात्याला कारखाना म्हणत, आणि गवई, बजवय्ये, नर्तकी, शहनाईवाले यांचेही एक रीतसर खाते होते. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी त्याला छापील नियम घालून दिले होते. हजेरी होती, रजा होती, पगार होता. खाँसाहेब फैयाजखाँ ज्या दरबारचे गवई, त्या दरबारात एका पोराने तबला घेऊन उभे राहायचे, एवढीच वडिलांची योग्यता. परंतु ती त्यांनी जन्मभर मानाने मिरवली. पुढे तीनच वर्षांत, १ मे १९४९ रोजी, संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. दरबार गेला. वर्षभराने, १९५० च्या नोव्हेंबरात, खाँसाहेबही गेले. मी वडिलांच्या पन्नाशीतले शेंडेफळ, म्हणून माझ्या वयाच्या माणसाला सहसा न मिळणाऱ्या या गोष्टी मला ताटावर बसून ऐकायला मिळाल्या.

दरबारी माणूस हौशी मंडळींना तुच्छ लेखतो असा आणखी एक समज आहे. आमच्या घरी तसे नव्हते. वडील म्हणत, "बाबा रे, दरबार गेला तेव्हा आम्हांला कोणी जगवले? रेल्वेतल्या कारकुनांनी, शाळामास्तरांनी आणि त्यांच्या बायकांनी. महिन्याला पाच रुपये ठरवायचे, कधी तीनच हातावर ठेवायचे. पण गुरुवार चुकवायचे नाहीत." हा गुरुवार म्हणजे वडिलांच्या शिकवणीतल्या मंडळींनी दांडियाबाजारातल्या एका वाड्याच्या माडीवर सुरू केलेली बैठक. ती आजही भरते. वडील गेले, पहिल्या मंडळींपैकी बहुतेक गेले, मीही आता पंचेचाळिशीत आलो; परंतु संध्याकाळी सहाच्या सुमारास त्या माडीच्या अरुंद जिन्यावर चपला दिसू लागतात.

या बैठकीची एक रीत आहे आणि सगळे मर्म त्या रीतीत आहे. बँकेत चाळीस वर्षे खातेवह्या लिहून निवृत्त झालेले आमचे नाना यांनी ती घालून दिली. गाणे सुरू होण्यापूर्वी पहिला अर्धा तास 'जमाखर्च' होतो. आठवड्यात जे साधले ते जमा. जे हुकले, मोडले, राहून गेले ते खर्च. प्रत्येकाने दोन्ही बाजू सांगायच्या, आणि मग जी काही शिल्लक उरली असेल ती गाऊन किंवा वाजवून दाखवायची. दोन पोटनियम आहेत. मागितल्यावाचून कोणी सल्ला द्यायचा नाही, आणि फुकटची वाहवा वाटायची नाही. मला तेथे सगळे मास्तर म्हणतात. पण या अर्ध्या तासात मास्तरालाही इतरांप्रमाणे आपला हिशेब द्यावा लागतो.

हिशेबात काय येते ते सांगतो, म्हणजे बैठकीची कल्पना येईल.

पेटी वाजवणारे अण्णा रेल्वेत होते. पावसाळा लागला की त्यांची खर्चाची बाजू भरून वाहते. दमट हवेने लाकूड फुगते, पट्टी दाबली की वर येत नाही, आणि एखादा सूर नको असताना सारखा वाजत राहतो. पेटीच्या पोटातल्या पितळी सुरांवर धूळ किंवा गंज चढला तर गंधार थरथरू लागतो. आपल्या पालिताण्याचे सूर पेटीवाल्यांत नावाजलेले. अण्णांच्या पेटीत तेच आहेत आणि त्यांचा त्यांना घरच्या सुनेइतका अभिमान आहे. एका गुरुवारी ते म्हणाले, "मंडळी, आठ दिवसांत गत एकही बसली नाही. पण मध्य सप्तकातला कोमल धैवत मी स्वतः उघडून, पुसून, पुन्हा बसवला. तो जमेला धरा." नानांनी तो जमेला धरला.

तबल्याला एक तरुण मुलगा बसतो. कोयलीच्या तेलशुद्धी कारखान्यात त्याची पाळीची नोकरी आहे. रात्रपाळीचा आठवडा असला की दिवसा झोपायचे, म्हणजे रियाज शेजारच्या दुपारच्या झोपेवर उठतो. तो उशीवर बोलांचा सराव करतो. पावसाळ्यात पुडी सैल पडते, गट्टे ठोकून चढवावी तर तासाभरात पुन्हा उतरते. एकदा त्याने सांगितले, "खर्चात चार रात्रपाळ्या, एक फाटलेली पुडी आणि साहेबांची बोलणी. जमेत 'धिरधिर' डाव्या-उजव्याचा तोल न सुटता सोळा मात्रा निघाला." एवढ्या एका वाक्यासाठी तो दहा मैल स्कूटर मारून आला होता.

मावशी गातात. वय अडुसष्ट. यजमानांना विस्मरणाचा आजार जडलेला. त्यांना क्षणभर एकटे सोडता येत नाही. भाचीला घरी बसवून त्या गुरुवारचे दोन तास मिळवतात. कित्येक आठवडे त्यांची जमेची बाजू कोरी असे, आणि त्या तसे सरळ सांगत, "नाना, आज जमा काही नाही." कोणी हळहळत नसे, कारण हळहळ हाही एक न मागितलेला सल्लाच. मग एकदा त्या म्हणाल्या की, दुपारी तंबोरा छेडत बसले की यजमान येरझाऱ्या थांबवून जवळ येऊन बसतात. नाव आठवत नाही, पण तार उतरली की कपाळाला आठी घालतात. नानांनी वहीत काय लिहिले ते मी पाहिले नाही. त्या दिवशी मावशींनी यमनचा नुसता आलाप केला, आणि आम्ही सर्वांनी तो नीट ऐकला.

रावपुऱ्यात कापडाचे दुकान चालवणारे एक गुजराती शेटही येतात. त्यांच्या घराण्यात कोणी गायले नाही. ते स्वतःही गात नाहीत, वाजवत नाहीत; तंबोरा मिळवायला शिकतात, एवढाच छंद. वाचकांना हे थोडे वाटेल. पण चार तारांचा हा प्रपंच ज्याने हाताळला त्याला विचारा. पहिली तार पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. खुंट्यांनी तार जागेवर आणायची, मण्यांनी तिला केसाएवढी पुढेमागे करायची, आणि मग घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी शोधायची. दोरा नेमक्या जागी आला की तारेचा आवाज उघडतो, चारी तारा एकमेकींत विरघळतात, आणि कोणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येऊ लागतो. शेटना हे साधायला दीड वर्ष लागले. ज्या दिवशी साधले त्या दिवशी ते लहान मुलासारखे ओरडले, "आजे तो तंबूरो बराबर मळी गयो!" दुकानातल्या साऱ्या दिवाळीची विक्री एका बाजूला आणि ती एक जमा एका बाजूला.

आता कोणी विचारील की, या घरगुती सुखदुःखांचा संगीताशी संबंध काय? माझ्या मते फार मोठा आहे, आणि त्याला इतिहासाचा आधार आहे.

आपल्या संगीताचा गेल्या दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर त्यात हौशी माणसांची जमा केवढी निघते पाहा. मुंबईत १८७० साली पारशी गायन उत्तेजक मंडळी स्थापन झाली, पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला. दोन्हींच्या मुळाशी पेशेवाईक गवई नव्हते, तर गाण्याची गोडी असलेले नागरिक होते. त्या पारशी मंडळीत १८८४ साली एक तरुण दाखल झाला. त्याचा पेशा वकिलीचा, छंद गाण्याचा. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) ते हेच. गाण्यावर पोट भरण्याचा त्यांचा मार्ग नव्हता. त्यांनी उस्तादांच्या दारी बसून चिजा जमवल्या, स्वरलिपीत उतरवल्या, दहा थाटांत राग लावले. आणि १९१६ साली याच बडोद्यात, महाराजांच्या आश्रयाने, पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवली. ज्यांच्या पुस्तकांतून आज आमची मुले परीक्षा देतात तो गृहस्थ मुळात एक हौशी माणूस होता, हे आम्ही शिक्षक वर्गात सांगत नाही. सांगायला पाहिजे.

आमची गायनशाळा तरी कोणासाठी निघाली? १८८६ साली महाराजांनी ती मौलाबक्षांच्या हाती दिली, ती गवयांच्या मुलांपुरती नव्हे. गवयाच्या मुलाला शाळेची गरज नव्हती. त्याला घरी मार बसतच होता. शाळा उघडली ती गावातल्या साध्या गृहस्थांच्या मुलांसाठी. सुरसागराच्या काठी ती आज विद्यापीठाची शाखा होऊन उभी आहे. तेथून निघालेल्यांपैकी मैफली गवई किती झाले हा प्रश्न वेगळा. पण कान तयार झालेली माणसे या शहराच्या गल्लोगल्ली पसरली. १९४९ नंतर दरबारचा आश्रय सुटला तेव्हा या कानांनीच गाण्याला आश्रय दिला. माझ्या वडिलांचे पाच रुपये त्याच खात्यातले.

पेटीचेच उदाहरण घ्या. १९४० साली नभोवाणीने पेटीला दार बंद केले. तिच्यावर मींड निघत नाही, तिचे स्वर आपल्या श्रुतींना धरून नाहीत, अशी तिच्याविरुद्ध तक्रार होती, आणि तीत तथ्य नव्हते असे नाही. हे दार किंचित उघडायला १९७१ साल उजाडले. मधली एकतीस वर्षे पेटी कोठे होती? ती घरोघरच्या भजनात होती, कीर्तनात होती, नाटकाच्या तालमीत होती, आणि अण्णांच्या वडिलांसारख्या कारकुनांच्या खाटेखाली होती. शास्त्राने नाकारलेले वाद्य हौसेने सांभाळले. आज मोठमोठ्या गवयांच्या साथीला तीच बसते.

तेव्हा हौशी मंडळी म्हणजे संगीताच्या अंगणातला पाचोळा नव्हे, तर जमीन आहे. परंतु जमिनीचीही निगा राखावी लागते. ती निगा म्हणजेच तो अर्धा तास, असे मला वाटते.

मी शिकवणारा माणूस आहे. गेल्या काही वर्षांत एक बदल पाहतो आहे. मुलाने सहा महिने शिकले की घरच्यांना ते व्यासपीठावर दिसावे लागते. स्पर्धा, परीक्षा, बक्षिसे, हारतुरे यांत वाईट काही नाही. पण व्यासपीठावर फक्त जमाच दिसते. खर्च पडद्याआड राहतो. त्यामुळे ज्याचा स्वर आज लागत नाही त्या मुलाला वाटते की, जगात आपल्या एकट्याचाच लागत नाही. मग तो गाणे सोडतो. माझ्याकडून गाणे सोडून गेलेली बहुतेक मुले आवाज नव्हता म्हणून गेली नाहीत. आपल्यासारखेच इतरांचेही हुकते, हे त्यांनी कधी ऐकले नाही म्हणून गेली. तेवढ्यासाठी मी आता मोठ्या विद्यार्थ्यांना एखाद्या गुरुवारी माडीवर नेतो. साठी उलटलेली माणसे 'या आठवड्यात मला जमले नाही' असे लाज न धरता सांगतात, हे ऐकणे हाच त्या दिवशीचा धडा.

या रीतीची खरी कसोटी मात्र दोन वेळा लागली.

पहिली नानांच्या बाबतीत. २०२२ साली त्यांच्या घशावर शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. राहिली ती फक्त कुजबूज. भूपाच्या एका बंदिशीवर ज्यांनी तीस वर्षे घालवली, त्यांना आता षड्जही लावता येत नव्हता. ते यायचे थांबतील असे आम्हां सर्वांना वाटले होते. ते आले. वही उघडली, सर्वांचा हिशेब ऐकला, स्वतःची पाळी आली तेव्हा मान हलवून पुढच्याकडे बोट केले. असे अनेक गुरुवार गेले. कोणी 'काही तरी बोला' म्हटले नाही, हा त्यांच्याच पोटनियमाचा विजय. एक दिवस त्यांनी शेटच्या हातून तंबोरा घेतला आणि मावशींच्या मागे जाऊन बसले. मावशी पाऊण तास गायल्या. तंबोऱ्याची लय एकदाही हलली नाही. दुसऱ्या गुरुवारी पाळी आली तेव्हा नानांनी वही माझ्यापुढे सरकवली. त्यात त्यांच्या नावापुढे खर्चाच्या बाजूला 'आवाज' आणि जमेच्या बाजूला 'साथ' असे एकेक अक्षर जुळवून लिहिले होते. हिशेब जुळला होता असे मी म्हणणार नाही. ज्याचा आवाज जातो त्याचा हिशेब जुळत नाही. पण खाते बंद झाले नव्हते.

दुसरी कसोटी २०२४ च्या ऑगस्टातली. विश्वामित्रीच्या त्या पुराची बडोदेकरांना आठवण देण्याची गरज नाही. धोक्याची पातळी २६ फुटांची, आणि पाणी ३५ फुटांच्याही वर चढले. कारेलीबागेत तळमजल्यावर राहणाऱ्या आमच्या एका भगिनींच्या घरात पाणी दोन दिवस उभे होते. धान्य गेले, गाद्या गेल्या, कपाट फुगले. आणि सासूबाईंच्या हातचा तंबोरा पाण्यात तरंगत राहिला. भोपळा, पाणी आणि सरस यांचे वैर जुने आहे. सरसाने जोडलेले सांधे सुटतात, पॉलिश पांढरे पडते, भोपळा आतून कुजू लागतो. घाईने उन्हात ठेवावा तर तडा जातो. अण्णांनी तारा उतरवल्या, शेटनी दुकानातल्या कोऱ्या मांजरपाटात तो गुंडाळला, आणि माडीवर सावलीत, वाऱ्याला, तीन आठवडे तो निजवून ठेवला. तबल्याचा मुलगा रात्रपाळीवरून येता येता त्याची कूस बदलून जाई. पुढे वर्गणी काढून तो मिरजेला पाठवला. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणून पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवणारे हात तेथे आहेत. नवा भोपळा बसवावा लागला. दांडी मात्र जुनीच राहिली. तंबोरा परत आला त्या गुरुवारी त्या बाईंनी सांगितले, "खर्च सांगत बसले तर रात्र होईल. जमेला हा एक धरा." आणि त्यांनी तो आपल्या हातांनी मिळवला.

आता तिसरी कसोटी समोर आहे. माडीचा तो वाडा विकला जाणार असे कळले आहे. वारस परगावी, जुन्या वाड्याची डागडुजी परवडत नाही, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. दांडियाबाजारातले आणि बाजवाड्यातले असे किती वाडे गेले हे वाचक माझ्यापेक्षा अधिक जाणतात. आमच्यातही पूर्वी चौदा जण होते, आज आठ आहोत. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली. बैठक बंद करावी का, असा विषय एकदा निघाला. मावशी म्हणाल्या, "दरबार गेला तेव्हा गाणे माडीवर आले. माडी गेली तर माजघरात येईल." तेव्हा पाळीपाळीने एकेकाच्या घरी जमायचे ठरले आहे. पहिली पाळी मावशींच्या घरची, कारण मग यजमानांना एकटे ठेवावे लागत नाही.

या लेखाचा हेतू आमच्या आठ जणांची ओळख करून देण्याचा नाही. या शहरात अशी शेकडो घरे आहेत जेथे कपाटावर गवसणीत तंबोरा आहे, खाटेखाली पेटी आहे, आणि 'एके काळी शिकत होते' असे म्हणणारे कोणी तरी आहे. गंज सुरांवर चढतो तसा माणसांवरही चढतो. तो काढायला मोठा गुरू लागत नाही, सभागृह लागत नाही. चार-पाच माणसे, एक सतरंजी, चहाचे आधण आणि एक वही एवढ्यावर काम भागते. गळा कसा आहे हे नंतर पाहता येईल. आधी आठवड्याचा हिशेब खरा सांगावा, दुसऱ्याचा पुरता ऐकावा, आणि शिल्लक काय असेल ती थोडी का होईना, सुरात मांडावी. गुरुवारच असला पाहिजे असेही नाही.